महिनाभर पुरणारं इंजेक्शन

१ जुलै, मंगळवार
युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. पीएच.डी.ला शेवटची मुदतवाढ, ३१ ऑगस्टपर्यंत. तोवर अठ्ठावीस दिवसांचा रीलीज डेटा, म्हणजे औषध कधी किती सुटलं त्याचा हिशेब, दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. गाईड उदयसिंह सर म्हणाले, नऊ वर्षं झाली, आता तरी कायतर दाखवा की. दाखवतो. संशोधन म्हणजे भजी तळणं नव्हे, हे आमच्या फार्मसी कॉलेजात कुणालाच कळत नाही. मुदत दोन महिन्यांची, काम अठ्ठावीस दिवसांचं. म्हणजे एक महिना शिल्लकच पडतो.

३ जुलै
संयोगितानं परत विचारलं, तुम्ही नेमकं करताय काय. लग्नाला बारा वर्षं झाली. परत सांगितलं. पॉलिमर म्हणजे चिक्कीतला गूळ, औषध म्हणजे शेंगदाणे. गूळ अंगात हळूहळू विरघळतो, शेंगदाणे एकेक करून सुटतात. गुडघेदुखीवर महिन्याला एकच इंजेक्शन. शेवटी पॉलिमरही शिल्लक राहत नाही. ती म्हणाली, एवढंच हाय तर मग झालं का न्हाय अजून? या घरात विज्ञानाला जागा नाही.

५ जुलै, शनिवार
शिरोळहून सासरची मंडळी आली. लॅब दाखवली. फ्रीझरमधली पॉलिमरची परदेशी बाटली काढली, तिथंच उघडली आणि सगळ्यांना आत बघायला लावलं. पावणं आलं की घरातलं भारीतलं ते पुढं करायचं, ही आपली रीत. गेल्या दोन महिन्यांतले हे चौथे पावणे. 

सरांकडेच पीएच.डी. करणारी नसरीन बाटली काढून तासभर नुसती बसून राहते, मग झाकण उघडते. एसटीची वाट बघत बसावं तशी. म्हणे गार बाटली उघडली की हवेतली ओल आत शिरते आणि पॉलिमर बाटलीतच तुटायला लागतो. पुस्तकी पोरगी. 

८ जुलै, सकाळी ९
पॉलिमरचे औषध भरलेले कण बफरमध्ये, म्हणजे अंगातल्यासारख्या खारट पाण्यात सोडले. शेकर चालू, तापमान सदतीस अंश. आता ठरल्या वेळी पाच मिली काढायचं, पाच मिली ताजं घालायचं, औषध किती सुटलं ते मोजायचं. अठ्ठावीस दिवस हेच. माझ्या बुद्धीचा अपमान आहे.
दुपारी १. चाळीस टक्के बाहेर.
संध्याकाळी ५. ब्याण्णव टक्के.

९ जुलै
महिन्याचं काम आठ तासांत. सर म्हणाले, ह्याला सस्टेन्ड रीलीज म्हणत न्हाईत, सांडणं म्हणत्यात. मी म्हणालो, पेशंटला पहिल्याच दिवशी जास्त दुखतं, तेव्हा सगळं औषध पहिल्याच दिवशी मिळालेलं चांगलं. सर चहाला निघून गेले. पटलं असणार.

१४ जुलै
संयोगिता म्हणाली, पावसात गुळाचा डबा सारखा उघडला की त्येला पाणी सुटतंय, हे आमच्याकडं शेंबडं पोरगं बी सांगंल. चिक्कीचं उदाहरण हिला द्यायलाच नको होतं.

२२ जुलै
नवी बाटली यायला दोन महिने. नसरीननं तिच्याकडचा दोन ग्रॅम पॉलिमर दिला. मी मागितला नव्हता. तीन दिवस तिच्या टेबलाशी उभा होतो, इतकंच.
संकल्प: पावण्यांना लॅबबंदी. बाटली नियमानं उघडणार. यापुढे कुणाचे उपकार नाहीत.

३१ जुलै
दुसरी बॅच केली. बाटली तास नाही, दोन तास बाहेर ठेवली. नसरीनच्या दुप्पट. समोर घड्याळ लावून बसलो, बाटलीवरची नजर हलवली नाही. मग पॉलिमर विरघळवणं, ढवळणं, गाळणं, सगळं एका दमात. आज मला बघायला कुणीतरी हवं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार
कण बफरमध्ये. आजपासून अठ्ठावीस दिवस म्हणजे ३० तारीख. एक दिवस हातात ठेवून. याला नियोजन म्हणतात.

३ ऑगस्ट
बाहेर आलेलं औषध: शून्य. याला ताबा म्हणतात.

९ ऑगस्ट
शून्य. नसरीनचं सातव्या दिवशी अठरा टक्के होतं. घाईची पिढी.

१६ ऑगस्ट
शून्य. नसरीननं विचारलं, सर, थोडे कण फोडून आत औषध किती भरलंय ते बघितलंत का. मी म्हणालो, ज्यानं डबा भरला त्यानं तो उचकून बघायचा नसतो. जळते बिचारी.

२३ ऑगस्ट
शून्य. कण मात्र ठरल्याप्रमाणे विरत चाललेत. पेटंटची चौकशी करावी म्हणतो. दोन महिन्यांचं इंजेक्शन, कदाचित तीन.

२५ ऑगस्ट, सोमवार
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शून्य म्हंजे काय, औषध घातलंय का न्हाय? नऊ वर्षांत असा अपमान झाला नव्हता. लॅबची वही आणून त्यांच्यासमोर आपटली आणि ३१ जुलैचं पान उघडलं. 
बाटली बाहेर काढली १०.०५. उघडली १२.०५. पॉलिमर दोन ग्रॅम. औषध, पुढं रिकामी जागा.
सरांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट
शेवटचं सॅम्पल काढलं. का काढलं माहीत नाही. एकही दिवस चुकवला नव्हता, म्हणून काढलं. नसरीन म्हणाली, औषध न भरलेल्या कणांचे आकडे तिला तुलनेसाठी लागणारच होते. म्हणाली, एवढं स्वच्छ ब्लँक मला जमलं नसतं सर. चेष्टा नव्हती, खरंच म्हणत होती. 

२ सप्टेंबर
रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचं पत्र आलं. वाईट वाटलं. खूप वाटलं. संयोगितानं पत्र वाचून घडी घातली आणि कपाटात ठेवलं.
दुपारी वही नसरीनला दिली. तिच्या थीसिसच्या आभारात माझं नाव घालणार आहे. तिनं विचारलं, सर, नावाच्या आधी काय लिहू. काही लिहू नको म्हणालो.