गर्भ सगळं पुसून घेतो

९ जून
माळनाक्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल हवं असेल तर तंबाखू आधी तीन महिने बंद. मी तिथल्या तिथे शब्द दिला. अक्षयाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बायकोचं हे पाहणं मला आवडत नाही. आजपासून बंद म्हणजे बंद.

१० जून
डोकं ठणकतंय. नर्सरीत आंब्याची कोय-कलमं बांधायचीत, दापोलीची ऑर्डर आहे. बोटं चालत नाहीत. आमचा गडी हरिश्चंद्र नेमका समोर बसून तंबाखू मळतो. ह्याला माणुसकी म्हणायची? एकच चिमूट घेतली. औषध म्हणून.

१४ जून, दुपारी
मोठा शोध! यूट्यूबवर सापडलं: एपिजेनेटिक रिप्रोग्रामिंग. आईबापांच्या डीएनएवर बसलेल्या जुन्या खुणा गर्भ पहिल्या काही दिवसांतच पुसतो आणि स्वतःच्या नव्या मांडतो. म्हणजे माझी तंबाखू तिथे आपोआप साफ! मग मी इथे कशाला जीव काढतोय? डॉक्टर लोक व्हिडिओ बघत नाहीत, हा खरा प्रॉब्लेम.

१५ जून
अक्षयाला सोपं करून सांगितलं. कलमात जुनंच झाड पुढे चालतं, कोयीतून येतं ते नवं. मूल म्हणजे कोय. ती म्हणाली, सगळ्या खुणा पुसल्या जात नाहीत, काही राहतात. आणि कोयच किडकी निघाली तर? कॉलेजात बायॉलॉजी शिकवते म्हणून काय झालं! व्हिडिओत ‘बहुतेक’ म्हटलं होतं. मला बहुतेक पुरे.

२ जुलै
अक्षयाने चहा सोडला. गोळ्या वेळेवर घेते. मला विचारलं, सुटली ना? हो म्हणालो. खोटं नव्हे. पुढे पुसली जाणारच आहे, म्हणजे तत्त्वतः सुटलीच.

११ ऑगस्ट
पुडी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. अक्षया म्हणते, शर्टाला वास येतो. हरिश्चंद्राचं नाव सांगितलं. संशयी स्वभाव! अशा वातावरणात माणसाने सुधारायचं कसं?

१६ सप्टेंबर
रिपोर्ट आला. शुक्राणू कमी, हालचाल मंद. डॉक्टरीणबाईंनी तंबाखूचं विचारलं. मी रिप्रोग्रामिंगचा मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, ते गर्भ राहिल्यानंतर. तुमचं अडलंय त्याच्या आधी.

अक्षया रिक्षात रडली. म्हणाली, इतके महिने मी एकटीच मूल मागत होते. खूप लाज वाटली मला, अगदी खरी. घरी आल्यावर तिने हात पुढे केला. मी खिशातली पुडी काढून दिली.

दुसऱ्या खिशाचं तिने विचारलं नाही.