खूण नसलेलं पान

बाबा, तुमच्या प्रतीतलं एकशे बारावं पान गेले तीन दिवस माझ्यासमोर उघडं पडलंय आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही. माझी पहिली कादंबरी पुन्हा छापायची आहे. प्रकाशक म्हणाले, काय दुरुस्त्या करायच्या त्या आत्ताच करून टाका, नंतर हात लावता येणार नाही. म्हणून ट्रंकेतून तुमची प्रत काढली.

लखनौला मानक नगरच्या ऑफिसात तुम्ही रेल्वेच्या डब्यांची ड्रॉइंगं तपासायचात. दुसऱ्यानं काढलेलं एकेक माप पाहायचं, बरोबर असलं की निळी टिक, चुकलं की लाल गोल. त्याच दोन्ही टोकांच्या लाल-निळ्या पेन्सिलीनं तुम्ही कादंबऱ्याही वाचायचात. इकडे मराठी पुस्तक मिळायची मारामार, नागपूरहून येताना पिशवीभर आणायचात आणि वर्षभर पुरवायचात. नायिका सकाळी निघून संध्याकाळी पोचली, मग जेवली कुठे? लाल गोल. आई वैतागायची, "अहो, गोष्ट आहे ती, इंजिन नाही." एकदा मी गणिताच्या वहीत उत्तरं न पडताळताच टिका मारत सुटले होते तेव्हा तुम्ही मागे उभे होतात. म्हणालात, "जे तपासलं नाही त्यावर खूण करायची नाही. कोरं सोडायचं." दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना माझ्यासाठी तसलीच नवी पेन्सिल घेऊन आलात. रागावला होतात की नाही, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

माझं पुस्तक तुम्ही तसंच तपासलंय. पानापानावर निळ्या टिका. नायिका मे महिन्यात चौकात दुधाच्या फेसाची मक्खन मलाई खाते तिथे लाल गोल आणि शेजारी बारीक अक्षरात, 'ही फक्त थंडीत मिळते'. बरोबर आहे, लखनौत वाढून मी असली चूक करावी म्हणजे कमालच. पण एकशे बारावर काहीच नाही. टिक नाही, गोल नाही. त्या पानावर नायिकेचा बाप तिच्या हातातली कादंबरी हिसकावतो आणि पेटत्या अंगीठीत टाकतो.

तो प्रसंग मी आपल्याच स्वयंपाकघरातून उचलला होता. नव्वद सालानंतरची थंडी आहे, खिडकीबाहेर धुकं, मी सोळा वर्षांची. अंगीठीवर वरण आहे आणि माझं डोकं पुस्तकात. वरण करपतं, वास घरभर होतो, तुम्ही आत येता आणि पुस्तक माझ्या हातातून घेता. इथपर्यंत पक्कं आठवतं. पुढे मला दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही तितक्याच स्पष्ट दिसतात. एकीत तुम्ही पुस्तक निखाऱ्यांवर टाकता, पुठ्ठा आधी वाकतो. दुसरीत तुम्ही पातेलं उतरवता आणि तिथेच पाटावर बसून मी वाचत होते ते पान वाचू लागता. कुठली घडली आणि कुठली मी रचली? आई होती तेव्हा तिला विचारलं. "टाकलं होतं नं त्यांनी विस्तवात," ती म्हणाली. तू होतीस का तिथे? "मी कशाची? तूच तं लिहिलं नं पुस्तकात." भावाला फोन केला तर तो म्हणतो, "दीदी, मैं तो बाहर क्रिकेट खेल रहा था यार." झालं, म्हणजे साक्षीदार संपले.

दुसऱ्यांच्या कादंबऱ्या मी वाचते तेव्हा सगळं खरं मानून वाचते, त्यातच तर मजा. माझीच वाचतानाही तसंच होतं आणि इथे पंचाईत आहे. तीन दिवसांत ते पान चार वेळा नव्यानं लिहिलं. पुस्तक आगीतून वाचलं की प्रसंग मिळमिळीत होतो, जळलं की उठून दिसतो. आणि नुसतं लिहून थांबले असते तर ठीक, पण कार्यक्रमांतून मी सांगत आले की हे खरंच घडलंय, माझ्याच वडिलांनी केलंय. एकदा एका बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, असा बाप वैऱ्यालाही नको. मी मान हलवली, बाबा. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं त्याच्याबद्दल मी मान हलवली. त्याची आज फार लाज वाटते.

पान तसंच ठेवलं तर कदाचित तुमच्यावर एक खोटं कायमचं छापून राहील. काढलं तर कदाचित जे घडलं तेच मी पुसेन. उद्या प्रकाशकांचा माणूस येणार आहे. तुम्ही ते पान का सोडलंत, एवढं कळलं असतं तर माझं काम झालं असतं.

पण कळत नाही म्हणणं पूर्ण खरं नाही. हे पत्र कुठे पोचणार नाहीये, तेव्हा सांगून टाकते. प्रत परत देताना तुम्ही दारात चपला घालत म्हणाला होतात, "सगळं बघून झालं. एक पान राहिलंय, ते आपण दोघं बसून बघू." मला वाटलं, आता लाल गोल मोजून दाखवतील. मी म्हणाले, बघू सवडीनं. त्यानंतर तुम्ही वर्षभर होतात. मी प्रत उघडली ती परवा.