खड्ड्यावरच्या ट्रॅक्टरची किल्ली

मी, मॅलकी गिलसेनन, वय अठ्ठावन्न, धंदा गायी आणि गवत, राहणार ड्रमकॉल, काउंटी कॅव्हन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता (पत्नी शेजारी इस्त्री करत आहे, तो दबाव धरू नये) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तशी ती नव्हतीच.

स्थावर-जंगमाच्याही आधी एक तक्रार नोंदवणे अगत्याचे आहे. माझी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन शेजारी पॅडर क्लर्किन याने अकरा वर्षांपूर्वी "पाच मिनिटांसाठी" नेली. तेव्हापासून माझी ट्रॉली पहारीच्या एका वाकड्या तुकड्यावर संसार करते आहे. विचारले की म्हणतो, "तुझी होय ती? इतकी गंजलेली, मला वाटलं माझीच." सदर पिन वसूल करून माझी मुलगी डर्व्हला हिला द्यावी. पॅडरला मी काहीही ठेवत नाही. त्यात राग नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीला तोच हवा आहे.

घर पत्नी अट्रॅक्टा हिला. सोबत स्वयंपाकघरातील टेबल, ज्यावर ती सत्तावीस वर्षे गवताच्या पहिल्या कापणीला कंत्राटदाराच्या माणसांना हॅम, बटाटे आणि कोबी वाढत आली. ती माणसे सगळा गाव सोडून आधी आमच्याकडे येतात, ते माझ्या गवताच्या गुणामुळे नव्हे, हे येथे लेखी मान्य करतो.

"टेबल माझंच आहे," खांद्यावरून वाचून ती आत्ता म्हणाली. "माझ्या आईनं दिलेलं. माझंच मला काय देतोस?"

दुरुस्ती: टेबल तिचेच होते. पतपेढीतली शिल्लकही तिलाच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा बरे ठाऊक.

पाद्री व्हायला गेलो होतो त्या दोन वर्षांतला लॅटिनचा शब्दकोश कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावला आहे. तो तेथेच राहावा. विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडावी.

जमीन, गायी आणि सुमारे चारशे जुने टायर डर्व्हलाला. मुरघासावर, म्हणजे गायींसाठी दाबून मुरवायच्या गवतावर, प्लास्टिक पसरले की ते दाबून ठेवायला हे टायर लागतात, आणि ते टाकायला शेजारी न बोलावता येतात. शेजारी मृत्युपत्राने देता येत नाहीत. ते हवे असतील तर तिने त्यांच्या मुरघासाच्या खड्ड्यांवर जावे. पॅडरच्याही.

अट्रॅक्टा गायी आणायला गेली आहे. आता पुढचे कलम लिहितो.

कापायचे यंत्र आणि गवताच्या ट्रॉल्या कंत्राटदाराच्या असतात. पण खड्ड्यावर (म्हणायचे खड्डा, असतो तो दोन भिंतींमधला गवताचा डोंगर) ट्रॅक्टर मागेपुढे फिरवून गवत दाबणे हे आमच्याकडे घरच्या मालकाचे काम. आत हवा राहिली की मुरघास सडतो. मालकाने तेथे दुसऱ्याला चढवले की गाव समजतो, हा संपला. माझे वडील बहात्तराव्या वर्षापर्यंत उतरले नाहीत. डर्व्हला दरवर्षी विचारते, "बाबा, एक फेरी तरी मारू दे की." मी दरवर्षी म्हणतो, "पुढच्या वर्षी."

गेल्या मे महिन्यात ट्रॅक्टर मागे घेताना, खड्ड्याच्या अगदी माथ्यावर, क्लचवरचा माझा डावा पाय एकाएकी माझा राहिला नाही. ट्रॅक्टर मागे जातच राहिला. उजव्या पायाने ब्रेक सापडला तेव्हा मागचे चाक भिंतीच्या काठाला आले होते. खाली भिंतीपाशी डर्व्हला प्लास्टिक उलगडत होती. पॅडर ओरडला, "ए पोरी, इकडे ये आधी! उलटं धरलंयस ते!"

"सुलटच आहे, काका!"

"मी म्हातारा सांगतोय ना? ये म्हणतो इकडे!"

ती वैतागत बाजूला झाली. प्लास्टिक सुलटच होते. संध्याकाळी चाकाच्या खुणा पाहून अट्रॅक्टाने विचारले, तेव्हा मी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "गवत ओलं होतं, वहिनी. घसरलं चाक." त्याआधी सतरा दिवस पाऊस नव्हता. पिनेचे काय ते वरच्या कलमात आले आहे. हेही कोठेतरी लिहिलेले असावे.

पाय त्यानंतर दोनदा तसाच झाला. एकदा गोठ्यात, एकदा चर्चमध्ये उठताना. डॉक्टरकडे गेलेलो नाही.

सबब, खड्ड्यावरच्या त्या निळ्या ट्रॅक्टरची किल्ली डर्व्हलाला द्यावी. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या शनिवारी, यंदाच्या पहिल्या कापणीच्या सकाळी, पहिली ट्रॉली रिकामी होण्याआधी. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र लागू होत नाही. तोंडाने सांगा ना तिला." तोंडाने सांगणे सोपे असते, तर मी त्यांना फोन कशाला केला असता?

येणेप्रमाणे लिहिले. वाचून पाहिले. खोडाखोड माझीच.

मॅलकी गिलसेनन
ड्रमकॉल, बुधवार, २० मे २०२६

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. पॅडर क्लर्किन, शेजारी
२. ऊना फॅरेली, वकील

सहीखाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे ऊनाबाई म्हणतात. म्हणून हे येथे लिहितो. सही करताना पॅडरने विचारले, "गवताचं लिहिलंयस का रे यात?"

मी हो म्हणालो.

"बरं केलंस. यंदा मी ओलं होतं म्हणणार नाही."

किल्ली माझ्या खिशात आहे. शनिवारी सकाळी मी ती बाहेर काढेन, अशी मला खात्री नाही. आणि डर्व्हला खाली भिंतीपाशीच उभी असेल.