पोह्यांवरचं सिरेने

बाबा, भावाने परत विचारलं. तू गेलास तेव्हा तो चालतही नव्हता, आता त्याचे दुधाचे दात पडून नवे आलेत. बाबा चीजला काय म्हणायचा, कसं म्हणायचा, हेच सारखं. मी सांगते, सिरेने. तर इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणतो, "नॉट लाइक दॅट लाह, बाबासारखं म्हण."

बेडोकच्या आपल्या फ्लॅटच्या किचनमध्ये तू रविवारी पोह्यांवर खोबऱ्याऐवजी ते पांढरं, खारट सिरेने किसायचास. लग्नाआधी बल्गेरियात नोकरी केली आणि तिथून एवढंच घेऊन आला, असं आई म्हणायची. मी एकदा पिवळ्या चीजला सिरेने म्हटलं, तर तू किसणी खाली ठेवून समजावलंस. मिठाच्या पाण्यातलं पांढरं ते सिरेने, पिवळं ते कश्कवाल, आणि तिथल्या दुकानात दोन्हींना एकच म्हटलंस तर बाई तुझ्याकडे बघत बसेल. शब्द फार जुना आहे म्हणालास, आंबट किंवा कच्चं अशा कुठल्यातरी शब्दातून आलेला, शेजारच्या देशांतही त्याची भावंडं आहेत. आई भांडी घासत होती. म्हणाली, "आमच्याकडे दूध नासलं की तोंडं पडतात, आणि हा त्याचा इतिहास सांगतोय." तू किती हसलास. ते हसणं मला दिसतं, ऐकू येत नाही.

फोनमध्ये तुझे फोटो आहेत. व्हिडिओ एकच, त्यात केक कापताना सगळेच गातायत, तुझा आवाज कुठला ते कळत नाही. आईला विचारलं की ती गॅस पुसायला लागते. ती आता चीजच म्हणते.

शाळा सोडल्यापासून सामान मीच आणते. गेल्या आठवड्यात सेरंगूनच्या मॉलमध्ये फ्रिजपाशी एक माणूस, बहुतेक बल्गेरियाचाच, बायकोला डबा दाखवत म्हणाला, सिरेने. प्लीज परत एकदा म्हणा, एवढंच म्हणायचं होतं, मी रेकॉर्ड केलं असतं. पण वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की व्हायचं तेच झालं, तोंड उघडलं आणि आवाजच नाही. मी एस्कलेटरपर्यंत त्यांच्या मागे गेले. ते एमआरटीच्या गाडीत बसून गेले.

आज पोहे केले. भाऊ परत तेच म्हणाला. मग मी आवाज जाड करून, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं, त्या माणसासारखं. तो चमचा धरून बघत राहिला. "असंच?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून तो घरभर तसंच म्हणत फिरतोय. आई आतल्या खोलीत आहे. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाहीये. बाबा, तू तसं म्हणायचास की नाही, मला खरंच आठवत नाही.