दादाचा शेक

४ डिसेंबर

चि. बाळीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण मला खुर्चीत बसवत नाही. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून उभ्यानेच लिहितो आहे. उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत जाते. शिंक आली तर ब्रह्मांड आठवतं. काल एक मनगटी घड्याळ उघडलं असताना शिंकलो आणि सगळे स्क्रू जमिनीवर. वाकणार कोण? शेवटी गिऱ्हाइकानेच वेचून दिले. डॉक्टर म्हणाले, जन्मभर वाकून बसल्याने मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि नस दबली आहे. गरम पाण्याच्या पिशवीने कमर शेकतो, तेवढं बरं वाटतं.

तुझ्या तळव्यांना मुंग्या येतात, रात्री आग होते, असं लिहिलंस. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करत उभी राहतेस, दुसरं काय होणार? तुझीही नसच. कढत पाण्यात पाय बुडवून बसत जा. आई दोघांना एकाच बाटलीतलं औषध पाजायची, कुणाला काय झालंय ते न विचारता. मला मानवलं ते तुलाही मानवेल. टाळाटाळ केलीस तर येऊन कान धरीन. येणार कसा म्हणा, प्रवास आता माझ्याच्याने होत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा शेक सुरू केला. किटली सदा माझ्यासाठी अडकलेली, म्हणून लेक कुरकुरते. तू कढत म्हणालास, पण मला पाणी कोमटच वाटतं, मग अधूनमधून आणखी कढत ओतते. गुण आला हो! आग थांबली. आता तळव्यांना काही लागतच नाही, कापसावरून चालल्यासारखं वाटतं. परवा एक चप्पल लाँड्रीतच राहिली आणि मी तशीच घरी आले. लेकीने विचारलं तेव्हा कळलं. हसून हसून पुरेवाट झाली.

थकवा मात्र जात नाही. सारखी तहान लागते, रात्री लघवीला उठून उठून झोपेचं खोबरं होतं, ब्लाउजही सैल झालेत. मालकीणबाई बस म्हणतात, पण बसले की उठणं जिवावर येतं. कामाचा शीण असेल.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी बाळी

२८ डिसेंबर

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला काही कळवायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली आहे. ती मोडून लिहिते.

फरशीवर आईच्या पावलांचे ओले ठसे दिसले. पाणी समजून पुसायला गेले तर फडकं लाल झालं. मोजा काढला, तर तळव्यावरचे फोड फुटलेले. आई मलाच विचारत होती, काय झालं म्हणून. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढली आहे, बरेच दिवस असणार. तुमची नस कमरेत दबली आहे. आईच्या पायातल्या नसा साखरेने मारत आणल्या. आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. तिला वाटलं गुण आला. चटका बसत होता तो तिला कळतच नव्हता.

दोन बोटं काळी पडली, ती काल काढली. जखम आणखी चिघळली तर पाऊलही काढावं लागेल म्हणतात. खरं सांगते मामा, तुमच्यावर फार रागावले होते. आता रागावायलाही अंगात त्राण नाही.

मोठ्या मनाने समजून घ्या.
तुमची भाची

२ जानेवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

पोरीला बोलू नकोस, तिने कळवलं ते बरं केलं. घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय मी कधी निदान सांगत नाही. तुला मात्र न बघताच औषध सांगून मोकळा झालो. आरशात बघायची लाज वाटते.

यायला निघालो होतो. बसमध्ये टेकलो आणि अशी कळ आली की कंडक्टरनेच हात धरून खाली उतरवलं. घरी येऊन पालथा पडून राहिलो. बाळी, तुझं पाऊल राहतंय की नाही, एवढंच कळव. बाकी काही मागायचं तोंड नाही मला.

उरली असेल तेवढी माया असू दे.
दादा

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इथे दवाखान्यात खाटेवर पडून लिहिते आहे, अक्षर लावून घे. आधी ते आरशाचं बंद कर. किटली माझ्या हातात होती.

पट्टी बदलताना डॉक्टर रोज विचारायचे, दुखतंय का. मी रोज नाही म्हणायचे आणि ते मान हलवून पट्टी बांधायचे. कधी नव्हे ते वाटायचं, खोटंच हो म्हणून टाकावं. आज त्यांनी जखमेच्या कडेला चिमटा लावला आणि मी अशी किंचाळले की अख्खा वॉर्ड उठून बसला. डॉक्टर हसले, लेक ढसाढसा रडली. खालचं मांस जिवंत आहे, पाऊल काढायचं नाही, असं ते म्हणाले.

लेक म्हणाली, मामाला तूच तुझ्या हाताने कळव. म्हणून लिहिते. दादा, दुखलं रे. खूप दुखलं.

लोभ वाढव, औषध पाठवू नकोस.
तुझी बाळी