खोट्या नाण्यावरचा चेहरा

कँटरबरी, सेंट मार्टिनच्या सणाआधीचा मंगळवार

ओस्रिक,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. हल्ली तू तो घ्यायला फिरकत नाहीस, म्हणून धाडतेय. इकडे डुकरं कापून मीठ लावून ठेवली. तुझी बायको ओकच्या खांबांचं नवं घर बांधतेय म्हणे. रोचेस्टरात नाण्यांचे ठसे कोरणाऱ्याची एवढी चलती असेल असं वाटलं नव्हतं.

पत्र मी स्वतःच लिहितेय. मठातल्या बायांनी शिकवलेली अक्षरं कामाला आली. पाद्रीबाबांकडून लिहवून घ्यायचं धाडस झालं नाही, का ते कळेलच.

तुझ्या मेव्हण्यावर, माझ्या वेर्मुंडवर, बालंट आलंय. बाजारात चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी सापडली. एका बाजूला आर्चबिशपांचा मुखडा, दुसरीकडे वेर्मुंडचं नाव. टांकसाळीत नाणं पाडणाऱ्याला आपलं नाव त्यावर घालावंच लागतं, तुला मी काय सांगू. आर्चबिशपांचा कारभारी दारात येऊन म्हणाला, "नाव तुझं, तर हातही तुझाच तुटेल." वेर्मुंड जेवत होता. त्याने उजवा हात मुकाट्याने मांडीखाली घेतला.

आता रविवारी चर्चमध्ये त्याने तापलेलं लोखंड उचलायचं. जखम चिघळली की तो चोर. "माझं मन साफ आहे," म्हणतो. अरे, मन साफ असलं म्हणून कातडी भाजायची राहते का?

आधी मला त्याचाच संशय आला, खोटं कशाला बोलू. मग भट्टीवरच्या गड्याचा, कारण त्याच्या पायात नवे जोडे दिसले. घरात आम्ही सगळे एकमेकांकडे चोरून बघत जेवतोय. शेवटी मी कारभाऱ्याला म्हटलं, मला ते नाणं बघू तरी द्या.

आमच्या नाण्यांवर आर्चबिशप गोल गरगरीत असतात, नाक सरळ. या नाण्यावर नाक मधेच मोडलेलं, डावी पापणी अर्धी मिटलेली. डोक्यावर हजामत पाद्र्याची, पण ओस्रिक, ते आपले बाबा होते. घोड्याने लाथ मारल्यानंतरचे.

लहानपणी तू कुणाचाही चेहरा कोरायला घेतलास तरी बाबाच उमटायचे. आई म्हणायची, "याचा येशूसुद्धा नाकमोडकाच निघणार." किती हसायचो आपण!

कारभाऱ्याने विचारलं, ओळखीचं काही दिसतंय का. मी नाही म्हटलं आणि नाणं परत दिलं. बाबांना पाहिलेलं इथे माझ्याशिवाय कुणी नाही.

रविवारच्या आत ये आणि तुझ्या तोंडाने सांग. तुझा हात जाईल हे कळतं रे मला. त्याच हाताला धरून तुला ओढा ओलांडायला शिकवलंय मी. पण नाही आलास, तर वेर्मुंड लोखंडाला हात लावायच्या आधी मी सगळ्यांसमोर उभी राहीन आणि तो चेहरा कुणाचा ते सांगेन.

रविवारपर्यंत तुझीच,
एबाताई