बदकाचे अठ्ठावीस दिवस

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
बदक खुडूक झालं. सकाळी सरपणाच्या खोलीत शिरलो तर कोपऱ्यात आठ अंड्यांवर पसरून बसलेलं. हात पुढं केला तर फुस्स करून बोटाला चोच मारली. लिहिणारं बोट.
सोसायटीच्या हौदाच्या उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून चेअरमननं सोलापूरहून जोडी आणली होती. दिवाळीनंतर हौद आटला. पंधरा दिवसांपूर्वी संचालकांची सभा झाली आणि सभेनंतर नर दिसेना. दुसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः मादी काखेत धरून आमच्या दारात. "गुरुजी, तुम्ही पेपरला बातम्या धाडता. ह्यात लिहिण्यासारखं काय न्हाय. मादी तेवढी सांभाळा." मी सभेचं इतिवृत्त मागितलं नाही.
बायको, सुमती, म्हणते, विधवा आहे बिचारी. मी म्हटलं, पुरावा नाही.

१३ फेब्रु.
शेजारच्या हलीमाबीला बोलावलं. गावातल्या निम्म्या कोंबड्या तिनंच रवणीला, अंडी उबवायला, बसवलेल्या. तिनं तळाला राख पसरली, वर भुसा, वर अंडी. आणि अंड्यांत एक गंजका खिळा ठेवला.
"हे कशाला?"
"विहिरीत बार उडतेत न्हवं? दणक्यानं अंडं मरतं, गुरुजी. लोखंड असलं की दणका खिळा घेतो."
गावच्या विहिरीचा तळ सुरुंगानं फोडणं चालू आहे. रोज दुपारी एकला बार. खिळ्याला असलं सामर्थ्य कुठल्याच दर्शनानं दिलेलं नाही, पण काढायला हात धजला नाही.
भिंतीवर कोळशानं पहिली रेघ. "एकवीस रेघा झाल्या की पिलं."

१९ फेब्रु.
दिवसातून एकदाच उठतं. घमेल्यात अंग भिजवतं आणि ओल्या पोटानं परत अंड्यांवर. पाणी आमच्या वाट्यातलं. घरटी दोन घागरी, आणि पाळी लावणार चेअरमन. त्यामुळं माझी आंघोळ आता मंत्रापुरती उरली.
आज विहिरीवर चे. (चेअरमन) सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, बदकाचं नाव रेशनकार्डावर घाला की. तिसरी घागर देतो." लोक हसले. मीही. मग कानाशी येऊन, "अंडी किती हायेत?"
"आठ."
"आठ." चव घेतल्यासारखं म्हणाले. "संस्थेची मालमत्ता हाय. पिलं निघाली की कळवा."
नराचीही अशीच चौकशी झाली असेल.

२६ फेब्रु.
आजच्या सुरुंगालाही पाणी लागलं नाही. धूळ उडाली ती आमच्या अंगणापर्यंत आली. बदक बार झाला तरी मान हलवत नाही, फक्त पापणी मिटतं.
येडशीला जाणाऱ्या माणसाबरोबर बातमी धाडली. 'विहिरीचे काम प्रगतिपथावर.' माझंच वाक्य. तळाला गेलेल्या कामाला पथ कुठला, हे संपादक विचारत नाहीत.

५ मार्च, सोमवार
एकवीस रेघा. काही नाही. सुमती दिवसभर हातातली कामं सोडून सरपणाच्या खोलीत.

६ मार्च
हलीमाबीनं एकेक अंडं कानाशी धरलं. "मुर्दा. एक जरी आत फुटलं तर वास सुटंल, बदक बी मरंल." सगळी उकिरड्यावर टाका म्हणाली. सुमती अडून बसली, "आधी एक बघा." बघण्याचं काम माझ्याकडं आलं. शिकलेला माणूस ना.
उंबऱ्यावर टिचकवलं.
आत काळी ओली लव. पायाला पडदा. चोच एकदा उघडली. जिवंत होतं.
पक्ष्याला द्विज म्हणतात, दोनदा जन्मणारा. पंचवीस वर्षं हा शब्द पोरांना फोड करून शिकवतोय. याचा दुसरा जन्म मी आठवडाभर आधी उरकला.
हलीमाबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला. कोंबडीचा हिसाब बदकाला लावला म्या." तिनंच ते लिंबाखाली पुरलं. चहा ठेवला होता, घेतला नाही.

७ मार्च
ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं. म्हणाला, "बदकाला अठ्ठावीस दिस लागतेत, गुरुजी. फोडलं न्हाय ना एखादं?"
"नाही."
हे इथं लिहून ठेवतो. कुठंतरी खरं असावं.

१२ मार्च, सोमवार
आज अठ्ठावीस. पहाटेपासून टकटक. दुपारी एकच्या सुरुंगाच्या वेळी दोन बाहेर आली होती, चार निम्मी आत. दणका बसला तशी चारही गप्प. सुमतीनं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग परत टकटक.
संध्याकाळपर्यंत सहा. सातवं अंडं गप्पच. हलीमाबी दारातूनच बघून गेली, आत आली नाही.
चे.ना कळवलं नाही. तरी दिवेलागणीआधी हजर. उकिडवे बसले, एक पिल्लू उचललं, तळहातावर जोखलं.
"अजून हलकी हायेत." खाली ठेवलं. "पाडव्यापातूर धरतील वजन."
सुमती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

१६ मार्च
पिलं वाढवणं म्हणजे:
रेशनची लाल मिलो ज्वारी भिजवून, चिरडून. माणसांना जात नाही, त्यांना जाते.
हलीमाबी शेणाच्या गोळ्यावर मडकं पालथं घालून वाळवी धरते आणि आणून टाकते. बोलत नाही अजून. पण आणते.
पाणी चोच बुडेल इतकं खोल लागतं. उथळ दिलं की डोळे चिकटतात. काल दोघांचे चिकटले होते. सुमतीनं पदराचं टोक ओलं करून पुसले.
आज घारीनं एक नेलं. अंगणात मी उभा असताना. सावली आली, गेली. पाच राहिली. बदक आभाळाकडं बघत होतं आणि मग माझ्याकडं.

२१ मार्च
विहिरीत बादली सोडली की चिखल येतो. पाळ्या बंद. बारही बंद, फोडायला काही उरलं नाही.
ओढ्यापलीकडं भीमनगरच्या विहिरीला पाणी आहे. आपल्या विहिरीवर चढू देत नव्हतो म्हणून त्यांनी आपल्या हातांनी खणलेली. आम्ही तेव्हा हसलो होतो, खडकात खणतायत म्हणून.
पारावर दिवसभर बैठक. तहान सगळ्यांना आहे. आधी कुणी जायचं, यावर ठराव होईना. चे. म्हणाले, "टँकर येतोय." कुठून, ते नाही म्हणाले.
घमेलं कोरडं. पिलांनी चोची उघड्या ठेवल्यात.

२२ मार्च
सकाळी बदक फाटकातून बाहेर पडलं, मागं पाचही ओळीनं. हाकलून बघितलं, वळेना. छत्री उघडून मागं निघालो, घारीसाठी. लोकांना वाटलं गुरुजींना ऊन लागतंय.
ओढा उतरलं, ओढा चढलं, भीमनगरच्या विहिरीजवळ गुरांसाठी दगडी दोण आहे, तिच्या कडेला थांबलं. मी एकेक पिल्लू उचलून आत सोडलं. पहिल्यांदाच पाण्यावर तरंगली. पाय हलवायचे हे कुणी शिकवलं कोण जाणे.
शेवंताबाई रहाटाशी होती. तिची मुलगी नववीला माझ्या वर्गात. "ऱ्हाऊ द्या हितंच, गुरुजी. पानी हाय." मग तांब्या बुडवून, "तुमी घेणार का?"
तांब्या हातात कधी आला कळलं नाही. सगळा प्यालो. आमच्या घरातलं कुणी ओढ्यापलीकडं पाणी प्यालेलं नाही. 'सम' या शब्दाची सगळी रूपं मला पाठ आहेत. पलीकडं जायला मात्र बदक लागलं.
"अजून?" म्हणाली. हसत होती की नाही, सांगता येत नाही.
बदकं तिथंच ठेवून परतताना ओढ्याच्या काठावर चे. उभे. नमस्कार केला. घेतला नाही.

२४ मार्च, शनिवार
सुमती काल तिकडून दोन घागरी घेऊन आली, भर रस्त्यानं. आज हलीमाबीही. बाकी घरं दारातून बघतात. घागर मोजल्यासारखं.
दुपारी चे. उंबऱ्यावर. आत या म्हटलं, आले नाहीत.
"बदकं कुठायत?"
"पाण्यावर."
"संस्थेची हायेत. उद्या टोपलं घिऊन येतो."
"कुठं?"
"तुमी ठिवली तिथं." मग, "ह्यावर पेपरात लिहिणार हाव का?"
"विचार चाललाय."
"करा. तुमचं घर गावात हाय, गुरुजी. तेवढं ध्यानात ठिवून करा."
टँकरचं विचारलं नाही. हलीमाबी सांगते, त्यांच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. रांजण कोरडा, सून तापानं पडलेली.

२५ मार्च, रविवार
सकाळी जाऊन शेवंताबाईला सांगितलं, चेअरमन येणार आहेत. ती रहाट ओढत होती, थांबली नाही.
"येऊ द्या की. पानी न्यायला आलं तर पानी देऊ. बदकं न्यायला आलं तर..."
दोर हातावर गुंडाळत राहिली. चार-पाच बाया धुणं टाकून उभ्या राहिल्या होत्या. पिलं दोणीत होती, पाचही. मला म्हणाली, "तुमी घरला जावा, गुरुजी."
आलो. का आलो, माहीत नाही.
आता ओट्यावर बसून लिहितोय. चेअरमन एकटेच ओढ्याकडं उतरतायत. टोपी नाही, बरोबर माणूस नाही. डाव्या बाजूला काहीतरी धरलंय, धोतराच्या आड. घागर आहे की टोपलं, इथून दिसत नाही.
सुमती म्हणते, चष्मा पुसा.
पुसला. ते ओढ्यात उतरले. आता नुसतं डोकं दिसतंय